साहेब आणि धुरीण

(पालघर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कामाच्या ठिकाणी हुकूम चालवणारा माणूस आणि ज्याच्यामागे माणसे आपण होऊन चालतात असा माणूस, या दोघांत फरक आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते इतकेच, की तो फरक नेमका कोठे असतो. तो स्वभावात असतो, आवाजात असतो, शिक्षणात असतो, की पदात? गोड बोलतो तो नेता आणि खेकसतो तो नुसता साहेब, अशी सोपी वाटणी पुष्कळदा केली जाते, पण ती फसवी आहे. कारण गोड बोलून बिनमोबदला जादा पाळी करून घेणारे वरिष्ठ कोणत्याही औद्योगिक वसाहतीला अपरिचित नसतात, आणि तोंडाने फटकळ पण गॅसगळती झाली की सर्वांत आधी धावणारे फोरमनही अपरिचित नसतात. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे, की हा फरक वरून खाली जाणाऱ्या शब्दांपेक्षा खालून वर येणाऱ्या शब्दांत शोधावा. हाताखालच्या माणसाला ‘नाही’ म्हणता येते का, आणि त्याने ते म्हटलेच तर त्या ‘नाही’चे पुढे काय होते, यावरून वरचा माणूस कोण आहे ते ओळखता येते.

प्रथम शब्दांकडेच पाहणे उपयोगाचे ठरेल, कारण या विषयातले रोजचे शब्द त्यांचा मूळ अर्थ विसरून बसले आहेत. ‘साहेब’ हा शब्द अरबीतून आला, आणि तेथे त्याचा एक मूळ अर्थ ‘सोबती’ असा आहे. मालकीचा अर्थही त्याच शब्दाला आहे, आणि मराठीत येईपर्यंत सोबती गळून मालक तेवढा उरला. ‘मुकादम’ हाही अरबी शब्द. त्याचा अर्थ ‘पुढे ठेवलेला’. कोणीतरी त्याला पुढे ठेवले आहे, तो स्वतः पुढे झालेला नाही, हे त्या शब्दाच्या घडणीतच आहे. याउलट ‘धुरीण’ हा संस्कृत शब्द घ्यावा. धुरा म्हणजे गाडीचे जू किंवा त्याचा भार. धुरीण म्हणजे ती धुरा वाहू शकणारा, मुळात गाडीला जुंपलेला बैल. समाजधुरीण म्हणून ज्यांचे सत्कार होतात त्यांतील कितीजणांना आपल्याला बैल म्हटले गेले आहे याची कल्पना असेल, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. मुद्दा एवढाच, की मराठीने नेतृत्वासाठी जो भारदस्त शब्द राखून ठेवला, तो उंच आसनावरून आलेला नाही. तो मानेवरच्या ओझ्यावरून आला आहे.

पाश्चात्त्य विचारात हाच प्रश्न दोन व्यक्तींनी फार नेमका मांडला. चेस्टर बर्नार्ड हे अमेरिकेतील एका मोठ्या टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष होते, आणि १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे म्हटले की अधिकार हा हुकूम देणाऱ्यापाशी नसतो, तो हुकूम स्वीकारणाऱ्यापाशी असतो. ज्याला हुकूम दिला त्याने तो मानला तरच तो हुकूम. कंपनीच्या अध्यक्षानेच हे लिहावे ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांच्या आधी मेरी पार्कर फॉलेट या विदुषीने ‘एखाद्यावर चालवलेली सत्ता’ आणि ‘एखाद्यासोबत उभी केलेली सत्ता’ असा भेद केला होता, आणि त्याला ‘परिस्थितीचा कायदा’ या कल्पनेची जोड दिली होती. या कल्पनेचा अर्थ असा, की खरा हुकूम माणूस माणसाला देत नाही. समोरची परिस्थिती दोघांनाही देते, आणि वरिष्ठाने व कनिष्ठाने मिळून ती परिस्थिती काय सांगते हे ओळखायचे असते. तारापूरच्या एखाद्या रासायनिक कारखान्यातला दाबमापक हे फॉलेटबाईंचे सर्वांत चांगले उदाहरण ठरेल, कारण काटा लाल रेषेकडे सरकू लागला की तो पद विचारत नाही. त्या उदाहरणाकडे शेवटी यायचेच आहे.

तत्पूर्वी समुद्राकडे. पालघर स्थानकाच्या पश्चिमेला सातपाटी आहे, आणि पापलेटसाठी नावाजलेल्या या बंदरात दोन शब्द रोज वापरले जातात: नाखवा आणि तांडेल. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. तांडेल म्हणजे समुद्रात बोटीचा प्रमुख, जो जाळे कोठे टाकायचे, कधी ओढायचे आणि वारा फिरला तर कधी परतायचे हे ठरवतो. दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे असू शकतात, आणि कित्येकदा असतात. तरी त्यांसाठी भाषेने दोन वेगळे शब्द ठेवले. मालकी किनाऱ्यावर बसूनही करता येते, पण तांडेलकी करता येत नाही. तांडेलाचा शब्द खलाशी विनातक्रार ऐकतात, कधी शिव्याही ऐकून घेतात, कारण ज्या लाटेत ते भिजतात तिच्यातच तोही भिजतो, आणि त्याचा अंदाज चुकला तर बुडणाऱ्यांत तोही असतो. जाळ्याच्या दोरीला हात लावून ‘आता ओढू नका’ असे एखादा जुना खलाशी म्हणाला, तर शहाणा तांडेल त्यात आपला अपमान मानीत नाही. समुद्रावर हे सोपे आहे, कारण तेथे सर्वांचे प्राण एकाच फळीवर असतात. जमिनीवर, हुकूम देणारा एका शहरात आणि तो पाळणारा दुसऱ्या गावात असतो तेव्हा, ही फळी कोठून आणायची? या जिल्ह्याने त्याचे एक उत्तर दिले आहे, आणि ते कोणत्याही व्यवस्थापन-महाविद्यालयाने दिलेल्या उत्तरापेक्षा अधिक कठीण आहे.

ते उत्तर १९४५ चे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता, आणि तेव्हाच्या उंबरगाव, डहाणू या तालुक्यांत वारली आदिवासींच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या होत्या. वेठ म्हणजे मोबदल्याशिवाय सक्तीने करावे लागणारे काम; जमीनदाराच्या शेतावर, घरी, जंगलठेकेदाराच्या कूपात म्हणजे तोडीच्या जंगलपट्ट्यात, बोलावणे आले की जायचे. याहून भयंकर प्रथा ‘लग्नगड्यां’ची होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की तो तरुण आणि त्याची नवी बायको दोघेही त्या सावकाराचे गडी होत, कर्ज कधी फिटत नसे, आणि आयुष्य तेवढे फिटून जाई. मालकशाहीचे हे शुद्ध रूप होते: हुकूम वरून येई, आणि खालून वर जाण्यासाठी एकही शब्द उरलेला नव्हता.

या भागात गोदावरी परुळेकर आल्या. पुण्याच्या सुखवस्तू घरात १९०७ मध्ये जन्मलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झालेल्या या बाईंना वारली समाजाशी जोडणारे काही नव्हते. ना भाषा, ना जात, ना वर्ग. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिला काही वारली शेतकरी गेले, आणि त्यानंतर त्या व त्यांचे पती शामराव परुळेकर या पाड्यांकडे वळले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी या गावी हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवले, की वेठ करायची नाही, आणि जमीनदाराच्या खाजगी शेतावर बारा आणे रोज मिळाल्याशिवाय राबायचे नाही.

या ठरावाकडे एखाद्या भाषातज्ज्ञाच्या नजरेने पाहावे. त्यातले मुख्य क्रियापद कोणते? ‘नाही’. पिढ्यान्‌पिढ्या ज्या तोंडांतून ‘होय मालक’ याखेरीज काही निघाले नव्हते, त्या तोंडांना एक नकार उच्चारता यावा, एवढेच काम त्या चळवळीने पहिल्या काही महिन्यांत केले. पण तेवढे केले म्हणून पुढचे सारे घडले. येथे नेतृत्वाचा पहिला धर्म दिसतो. नुसता वरिष्ठ आपल्या माणसांकडून ‘होय’ मिळवतो. नेता आपल्या माणसांना ‘नाही’ म्हणण्याची शक्ती मिळवून देतो, आणि ती शक्ती उद्या आपल्याविरुद्धही वापरली जाईल हे जाणून ती देतो. हा धोका किती अधिकारी पत्करतील?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गवतकापणीचा हंगाम आला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये या मागणीसाठी संप सुरू झाला, आणि तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. किसान सभेकडून आलेले वृत्तान्त सांगतात, की बाई तेथे येणार आहेत असा खोटा निरोप पसरवला गेला, आणि त्या निरोपावर विश्वास ठेवून माणसे रातोरात निघाली. ज्या नावावर लोकांचा विश्वास होता तेच नाव सापळा म्हणून वापरले गेले. याचा अर्थ काय? नेत्याची लोकप्रियता हा नेतृत्वाचा पुरावा आहे असे समजणाऱ्यांनी तलवाड्याकडे नीट पाहावे, कारण एका व्यक्तीच्या नावावर हजारो माणसे हलतात तेव्हा ते नाव कोणाच्याही हाती लागू शकते. लोकप्रिय साहेब ही तर कारखान्यातही नेहमीची गोष्ट आहे: ‘साहेबांनी सांगितलंय’ एवढे सोपे वाक्य उच्चारून कितीजण आपले काम काढून घेतात!

पण त्याच प्रसंगाची पुढची बाजू अशी, की गोळीबारानंतर सरकारने परुळेकर दांपत्याला जिल्ह्यात येण्यास बंदी केली आणि तरीही संप चालू राहिला. नेते हद्दीबाहेर, सभांवर बंदी, पाड्यांवर पोलीस, आणि गवत उभेच. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, जंगलकामाच्या मजुरीसाठी सव्वा रुपया रोजाची मागणी घेऊन पुन्हा संप झाला, तो याच माणसांच्या बळावर. नेतृत्वाची परीक्षा नेत्याच्या उपस्थितीत घेता येत नाही, कारण उपस्थितीत भीतीही शिस्तीसारखीच दिसते. ती परीक्षा अनुपस्थितीत होते. साहेब रजेवर गेला की कचेरी सैल पडते, त्यावरून तो साहेब होता एवढे कळते. बाईंनी हा सारा इतिहास पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला, आणि त्या पुस्तकाचे नावसुद्धा पाहण्यासारखे आहे: त्या वाक्याचा कर्ता जागवणारा नाही, जागा होणारा माणूस आहे.

त्याच १९४५ या वर्षी, त्याच डहाणू तालुक्यात, किसान सभेच्या लाल बावट्यापासून अगदी वेगळ्या वाटेने आणखी एक काम सुरू झाले, आणि त्यात ‘नाही’ मोर्चाच्या रूपाने आले नाही. ते गैरहजेरीच्या रूपाने आले. ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नसत. कोणत्याही शाळाखात्याच्या दृष्टीने हा हजेरीपटावरचा दोष होता: पालक अडाणी, मुले बेशिस्त, शेरा मारा आणि वर अहवाल पाठवा. ताराबाई आणि अनुताईंनी ती गैरहजेरी हे एक उत्तर आहे असे मानले, आणि प्रश्न काय आहे ते शोधले. लहान मुले घराजवळून हलत नव्हती, तर शाळा पाड्यातल्या अंगणात गेली आणि तिला अंगणवाडी म्हटले गेले. मोठी मुले गुरे राखायला जात होती, तर शाळा गुरांच्या मागे कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा म्हटले गेले. पुढे केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांसाठी अंगणवाडी हाच शब्द देशभर गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. तो शब्द एका गैरहजेरीतून जन्माला आला, हे मात्र क्वचित सांगितले जाते.

ताराबाई बालशिक्षणाच्या क्षेत्रातील मान्यवर होत्या, १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले होते, आणि १९७३ मध्ये त्या गेल्या. संस्था थांबली नाही. अनुताईंनी आणखी जवळजवळ दोन दशके ती चालवली. या दोघींमध्ये वरिष्ठ-कनिष्ठ हे नाते नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल; ते होतेच. पण त्या नात्याचा उपयोग हाताखालचा माणूस हाताखालीच राहावा म्हणून केला गेला नाही.

आता बोईसर. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत बोईसर स्थानकापासून फार लांब नाही. औषधांचे कच्चे रसायन, रंग, कापड, पोलाद असे नाना उद्योग तेथे शेजारी शेजारी आहेत. पश्चिमेला समुद्रकाठी तारापूर अणुवीज केंद्र आहे, ज्याचे पहिले दोन संच १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले आणि जे देशातील पहिले अणुवीज केंद्र ठरले. ही दोन ठिकाणे शेजारी आहेत, आणि या व्याख्यानाच्या दृष्टीने ती शेजारी असणे अर्थपूर्ण आहे. अणुभट्टी चालवण्याच्या पद्धतीत जगभर एक नियम मानला जातो: नियंत्रणकक्षातील परवानाधारक चालकाला धोका दिसला, तर कोणाही वरिष्ठाची परवानगी न घेता तो भट्टी बंद करू शकतो, किंबहुना ती बंद करणे त्याचे कर्तव्य असते. एका पाळीची वीज बुडाली तरी चालेल, पण खालच्या माणसाचा ‘नाही’ अडता कामा नये, असे ठरवूनच ती व्यवस्था बांधलेली असते. येथे नेतृत्व कोणाच्या स्वभावावर सोडलेले नाही. ते नियमात ओतलेले आहे.

रासायनिक कारखान्यात काय होते? रात्रीचे अडीच वाजले आहेत, रिअॅक्टरमध्ये म्हणजे रासायनिक प्रक्रियेच्या बंद भांड्यात बॅच चालू आहे, बाहेरच्या आवरणातून फिरणाऱ्या थंड पाण्याचा दाब कमी झाला आहे आणि आतले तापमान हळूहळू चढते आहे, अशी कल्पना करावी. उष्णता बाहेर टाकणारी प्रक्रिया असेल तर तापमान वाढले की प्रक्रिया वेगाने होते, ती वेगाने झाली की तापमान आणखी वाढते, आणि एका मर्यादेपलीकडे ती कोणाच्याच हाती राहत नाही. हे सर्वांत आधी कोणाला दिसते? मुंबईतल्या कार्यालयात बसलेल्या संचालकाला नाही, घरी झोपलेल्या प्रकल्पप्रमुखाला नाही; ते दिसते भांड्याशेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरला. तो फोन करतो. पलीकडून काय उत्तर येते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. ‘काय दिसतंय ते सांग, गरज वाटली तर बॅच मारून टाक, सकाळी बघू’ असे उत्तर येणार हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, तो वेळेवर फोन करतो. ‘बॅच गेली तर जबाबदार कोण?’ असे उत्तर एकदा ज्याने ऐकले आहे, तो पुढच्या वेळी फोन करायला अर्धा तास थांबतो, आणि तो अर्धा तास परत मिळत नाही. परिस्थितीचा कायदा म्हणून फॉलेटबाईंनी जे सांगितले ते हेच. काट्याने हुकूम दिलेला असतो, प्रश्न फक्त तो वर पोचू देण्याचा असतो.

हे केवळ बोईसरचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले आणि सात जण मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीमुळे रबरी कड्या नीट बसणार नाहीत म्हणून उड्डाण करू नये असे सांगितले होते, आणि त्यांच्या व्यवस्थापकांनी ते फिरवले. तेथे ज्ञान होते, पदव्या होत्या, फोनही होता. फक्त खालचा ‘नाही’ वर पोचून तेथे टिकला नाही.

भारतीय कायद्याने भोपाळच्या वायुगळतीनंतर हा मुद्दा ओळखला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने धोकादायक प्रक्रियांतील कामगाराला असा हक्क दिला, की जीविताला निकटचा धोका आहे असे त्याला सकारण वाटले तर त्याने ते कारखान्याच्या भोगवटादाराच्या, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण आहे त्याच्या, किंवा व्यवस्थापकाच्या निदर्शनास आणावे, आणि त्यांनी त्यावर लगेच उपाय करावा. व्यवस्थापन व कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने असलेली सुरक्षा समितीही त्याच दुरुस्तीने आणली. टाकी, नाला, भांडे अशा बंदिस्त जागेत योग्य व्यक्तीचा लेखी दाखला असल्याशिवाय माणूस उतरवू नये, ही अटही त्या अधिनियमात होती. त्या दाखल्यालाच कारखान्यात ‘परमिट’ म्हणतात. आत प्राणवायू पुरेसा आहे का, विषारी वायू आहे का, हे मोजायचे, नळ तोडून वेगळे करायचे, बाहेर एक माणूस उभा करायचा, मगच सही. विषारी वायूने एक जण आत कोसळला की त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो, आणि मग तिसरा. बंदिस्त जागेतल्या दुर्घटनांत असे पुन्हा पुन्हा घडलेले आहे. त्या धावणाऱ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाकडे पाहिले तर धैर्याची आणि सोबतीची कमतरता खालच्या थरात नसते, हे वेगळे सांगावे लागत नाही. कमतरता असते ती पहिला माणूस उतरण्यापूर्वी कोणीतरी ‘थांबा’ म्हणण्याची, आणि ते ऐकले जाण्याची.

मग हक्क कायद्यात असूनही तो तोंडात का येत नाही? येथे या जिल्ह्याचे दोन इतिहास एकमेकांना भेटतात. डहाणू, तलासरी, विक्रमगडच्या पाड्यांतून पहाटेच्या अंधारात जी तरुण माणसे बोईसरच्या पाळीसाठी निघतात, त्यांत झरीला जमलेल्यांची नातवंडे-पतवंडेही असणार; त्यांच्या शेजारी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले, चाळीत आठ-आठ जण राहणारे कामगार उभे असतात. १९४५ च्या ‘नाही’मागे हजारो माणसे एकत्र होती, आणि तो ‘नाही’ उजेडी, सभेत, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत म्हटला गेला होता. रात्रपाळीतल्या टाकीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस एकटा असतो. त्याला ज्याने ‘उतर’ म्हटले तो कंपनीचा शिफ्ट इन्चार्ज असतो, त्याला ज्याने कामावर आणले तो ठेकेदार असतो, आणि त्याने नकार दिला तर त्याला काढून टाकण्याची गरजही पडत नाही. उद्यापासून येऊ नको एवढा निरोप ठेकेदाराच्या फोनवरून जातो. परमिटावर सह्या असतात सुरक्षा अधिकाऱ्याच्या, विभागप्रमुखाच्या, काम घेणाऱ्याच्या. जो उतरणार आहे त्याचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसते. ते ठेकेदाराच्या वहीत असते, आणि ती वही फाटकाबाहेरच्या खोलीत ठेवलेली असते.